क्रीम पफ म्हणजे गोल क्रीम रोल नव्हे

जपानला किंवा फ्रान्सला जाऊन आलेली मंडळी तिथल्या खास दुकानांत खाल्लेल्या क्रीम पफचे, म्हणजे पोकळ, फुगीर कवचात कस्टर्ड भरलेल्या गोळ्याचे, वर्णन ‘आपला क्रीम रोलच, फक्त गोल’ असे करतात. मग त्याच समजुतीने पफचा खोका मुक्कामावर नेतात, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तो मऊ पडल्याची तक्रार करतात. ही तक्रार इतक्या वेळा कानांवर आली आहे की, या दोन पदार्थांतला खरा फरक एकदा नीट मांडणे मला आवश्यक वाटते.

क्रीम रोल मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. खारीच्या जातीच्या पिठाची पट्टी पत्र्याच्या साच्यावर गुंडाळून भाजायची, साचा काढून घ्यायचा आणि पोकळीत पांढरे, गोड क्रीम भरायचे. बेकरीच्या काचेच्या कपाटात तो काही दिवस सहज टिकतो. आकाराचा फरक गौण आहे. अंड्याचा फरक मात्र लक्षात ठेवावा: आपल्याकडचा क्रीम रोल बहुधा बिनअंड्याचा असतो, तर पफच्या कवचात नेहमीच्या कृतीनुसार अंडी आणि कस्टर्डमध्ये बलक असतो, म्हणून अंडे न खाणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे.

गल्लत होते ती पाण्यापाशी. क्रीम रोलचा सारा कारभार स्निग्धांशावर चालतो. पिठाच्या घड्यांमध्ये पसरलेले वनस्पती तूप किंवा मार्गारीन एका पदराला दुसऱ्या पदरापासून वेगळे ठेवते, म्हणून भट्टीत पदर सुटतात. आत भरलेले क्रीमही मुख्यतः तूप आणि दळलेली साखर घोटून केलेले असल्याने त्यात पाणी जवळजवळ नसते. क्रीम पफमध्ये कवच फुलवते ते पाणी आणि शेवटी कवच बिघडवते तेही पाणीच.

पफच्या कवचासाठी पाणी किंवा दूध, लोणी आणि मीठ एकत्र उकळून त्यात मैदा एकदम टाकतात आणि आचेवरच जोरात घोटतात. मोदकासाठी तांदळाची उकड काढणाऱ्या हाताला ही क्रिया लगेच ओळखू येईल. उष्णतेने मैद्यातला स्टार्च फुगतो आणि एरवी पिठात मावले नसते इतके पाणी धरून ठेवतो. पातेल्याच्या तळाशी पातळ पापुद्रा धरू लागला की गोळा उतरवून थोडा निववतात आणि अंडी एकेक करून मिसळतात. उलथन्यावरून पीठ टोकदार त्रिकोण धरून सावकाश लोंबू लागले की ते तयार झाले. यात यीस्ट नसते आणि बेकिंग पावडरही लागत नाही. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान १६०० पटींहून अधिक वाढते. ही वाफ लवचिक पीठ आतून ताणत नेते, मधोमध मोठी पोकळी तयार होते, आणि मग अंड्यातली प्रथिने व स्टार्च घट्ट बसून भिंत उभी राहते. ती घट्ट होण्याआधी ओव्हनचे दार उघडले, तर कवच खाली बसते. भाजून झाल्यावर कवचाला भोक पाडतात, कारण आत कोंडलेली वाफ भिंतीलाच ओलावते.

आता या कोरड्या कवचात जे कस्टर्ड भरायचे, ते दूध, बलक, साखर आणि कॉर्नफ्लोर शिजवून केलेले, अनेकदा फेटलेल्या सायीने हलके केलेले असते. त्यात दूध सर्वाधिक, म्हणजेच पाणी सर्वाधिक. ओल्या वस्तूला कोरडी वस्तू टेकली की ओल कोरड्याकडे सरकणारच, आणि फ्रिज ते थांबवू शकत नाही. थंडीमुळे कस्टर्ड नासत नाही एवढेच. म्हणून चांगल्या दुकानात कवचे रिकामी मांडलेली असतात आणि ऑर्डर दिल्यावरच भरली जातात. जपानमध्ये १९९९ साली सुरू झालेल्या बिअर्ड पापा या क्रीम पफच्या दुकानसाखळीची ख्याती याच पद्धतीवर उभी आहे. त्यांच्या कवचाला बाहेरून पाय-पेस्ट्रीचा, म्हणजे खारीसारख्या पदर सुटणाऱ्या पिठाचा, पातळ थर असतो, त्यामुळे दाताखाली खारीची आठवण होते आणि ‘क्रीम रोलच’ म्हणणाऱ्यांना आपलेच खरे वाटते. आतले कवच मात्र वर सांगितलेल्या घोटलेल्या पिठाचेच असते. जपानमधल्या छोट्या चोवीस तास दुकानांत मिळणारे थंडगार, मऊ कवचाचे पफ शिळे नसतात, ते मऊच खायचे असतात. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या राज्य मेळ्यात १९२४ पासून विकले जाणारे पफ कवच मधोमध कापून फेटलेल्या सायीच्या ढिगाने भरतात. तेही उत्तम, पण मला त्यात कस्टर्डची कमतरता जाणवते.

खास दुकानात पहिल्यांदा जाणाऱ्याने साधा व्हॅनिला कस्टर्डचाच पफ घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. चॉकलेट किंवा माचा (जपानी हिरव्या चहाची पूड) यांच्या उग्र चवीखाली कस्टर्ड नीट शिजले आहे की पिठूळ राहिले आहे, हे कळत नाही. कस्टर्डमध्ये व्हॅनिलाच्या शेंगेचे बारीक काळे कण दिसले तर फारच उत्तम. वनस्पती तेलाचे फेटलेले टॉपिंग भरून क्रीम पफ म्हणून विकणे मला अजिबात मान्य नाही. ते टाळूला मेणासारखे चिकटते आणि दुधाची चव कुठेच लागत नाही. ‘हा केव्हा भरला?’ असे विचारण्यात संकोच बाळगू नये, आणि भरलेला पफ अर्ध्या तासाच्या आत, शक्यतो दुकानाच्या दारातच संपवावा.

घरी न्यायचाच असेल, तर रिकामी कवचे आणि कस्टर्ड वेगवेगळे मिळते का, हे विचारावे. कवचे १६० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच मिनिटे ठेवली की पुन्हा कुरकुरीत होतात. ती पूर्ण निवू द्यावीत आणि पाहुणे ताटावर बसल्यावरच भरावीत.