केक खाल्ला आणि बालपण आठवलं?

फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्तची ‘हरवलेल्या काळाच्या शोधात’ ही कादंबरी न वाचलेलेही छातीठोकपणे सांगतात: नायकाने मॅडलीन केक खाल्ला आणि बालपण झर्रकन डोळ्यांपुढे आलं. १९१३ च्या पहिल्या खंडात तसं घडतच नाही. केक नुसता पाहून त्याला काहीही आठवत नाही. चहात भिजलेला चुरा जिभेवर येतो तेव्हा अंगभर आनंद होतो, पण कशाचा ते कळत नाही. दुसरा घोट, तिसरा घोट. जादू उलट ओसरत जाते. मग कप खाली ठेवून तो मनाशी झगडत बसतो, पुन्हा पुन्हा, अगदी नाद सोडायच्या बेतात येईपर्यंत. तेव्हा कुठे बालपणीच्या काँब्रे गावातली रविवारची सकाळ आणि लिओनीआत्याची खोली उलगडते. आणि हो, आधीच्या मसुद्यात मॅडलीन नव्हतीच, साधा भाजलेला पाव होता!