ऑटोमॅटिक गाडीतून जाम इंजिन काढणं

जाम किंवा सीझ झालेलं इंजिन म्हणजे ज्याचा क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) फिरतच नाही असं इंजिन. ऑइल संपणं, इंजिन प्रचंड तापणं, सिलिंडरमधे पाणी जाणं, गाडी वर्षानुवर्षं उभी राहून आत गंज चढणं ही त्याची नेहमीची कारणं. असं इंजिन ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीतून उतरवणं मॅन्युअलपेक्षा बरंच अवघड जातं, आणि सगळं घोडं अडतं ते टॉर्क कन्व्हर्टरच्या बोल्टांपाशी. कन्व्हर्टर म्हणजे क्लचच्या जागी बसणारा, इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग.

मॅन्युअल गाडीत क्लच फ्लायव्हीलसकट इंजिनाबरोबरच बाहेर येतो, गिअरबॉक्सचा शाफ्ट त्यातून सरळ सरकून सुटतो, त्यामुळे क्रँक फिरला काय न फिरला काय, काही बिघडत नाही. ऑटोमॅटिकमधे मात्र क्रँकच्या मागे फ्लेक्सप्लेट नावाची पातळ पोलादी चकती असते आणि कन्व्हर्टर तिला साधारण 3, 4 किंवा 6 बोल्टांनी आवळलेला असतो. हे बोल्ट बेल हाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनाला जोडलेल्या घंटेसारख्या कव्हरच्या आत. खालचं झाकण काढून किंवा सेल्फ काढल्यावर होणाऱ्या जागेतून बहुतेक वेळा एकच बोल्ट हाताला लागतो, तो सोडायचा, क्रँक फिरवायचा, पुढचा समोर आणायचा. इंजिन जाम असेल तर पुढचा समोर येतच नाही. बरं, गाडी ढकलून इंजिन फिरवावं म्हटलं तर तेही नाही, कारण ऑटोमॅटिकमधे चाकं आणि क्रँक थेट जोडलेले नसतात.

म्हणून आधी इंजिन खरंच जाम आहे का ते बघायचं. एसी, अल्टरनेटर फिरवणारा बाहेरचा बेल्ट काढून टाकला की कळतं, कधीकधी एसीचा कॉम्प्रेसर किंवा अल्टरनेटर अडकलेला असतो आणि नाव इंजिनाचं होतं. मग सगळे स्पार्क प्लग काढायचे (डिझेल असेल तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर), सिलिंडरमधे पाणी भरल्यामुळे पिस्टन अडला असेल तर तो इथेच सुटतो. गंजाने धरलं असेल तर प्लगच्या भोकांतून गंज सोडवणारं ऑइल घालून ते चांगलं मुरू द्यायचं, आणि मग क्रँकच्या पुढच्या पुलीच्या बोल्टवर गोटी (सॉकेट) लावून लांब दांड्याने आधी बोल्ट आवळायच्या दिशेने, मग थोडं मागे, असं हळूहळू हलवत राहायचं. इथे घाई केली की बोल्टच तुटतो. लक्षात घ्यायची गोष्ट ही की इंजिन चालू करायचं नाहीये, नुसतं थोडं फिरवायचंय. समान अंतरावर 3 बोल्ट असतील तर पहिला सोडल्यावर एकूण 240 अंश फिरलं तरी काम झालं!

एवढंही हललं नाही तर माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा मार्ग म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच उतरवणं. काम वाढतं, वजन वाढतं, मागचा प्रॉपेलर शाफ्ट किंवा पुढचे ड्राइव्ह शाफ्ट, गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरचे पाइप, गिअरची केबल सगळं सुटं करावं लागतं, पण काही मोडत नाही. जमिनीवर आल्यावर बेल हाउसिंगचे बोल्ट काढून दोन्ही सरळ रेषेत वेगळे करायचे, कन्व्हर्टर इंजिनाबरोबर येऊ द्यायचा, मग ब्लॉक आणि फ्लेक्सप्लेटच्या फटीतून पाना घालून बोल्ट एकेक सोडता येतात.

गिअरबॉक्स गाडीतच ठेवूनही हेच करता येतं, पण त्यासाठी इंजिन पुढे भरपूर सरकायला हवं, म्हणजे रेडिएटर वगैरे आधी बाहेर. गिअरबॉक्सला खालून जॅकचा आधार लागतो. इंजिन जरा तिरकं झालं की कन्व्हर्टरचं वजन गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि त्याच्या ऑइल पंपाच्या सीलवर येतं आणि चांगला गिअरबॉक्सही हातचा जातो. शिवाय कन्व्हर्टर निघताना बरंच एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) सांडतं, खाली ट्रे हवाच. तिसरा एक उपाय म्हणजे खालून ऑइल चेंबर काढून पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या कॅप सोडणं. पिस्टन अडकले असतील तर क्रँक मोकळा होतो, क्रँक ज्यावर फिरतो ते मेन बेअरिंगच धरलं असेल तर उपयोग नाही. बोल्ट गॅसने कापायच्या फंदात पडू नये, शेजारीच ऑइल असतं आणि आग लागते.

दुसरं इंजिन बसवताना पंपाचं पुढचं सील नवीन घालायचं, फ्लेक्सप्लेटला तडे आहेत का बघायचं आणि कन्व्हर्टर आधी गिअरबॉक्समधे बसवायचा. तो फिरवत आत ढकलला की टप्प्याटप्प्याने खाली बसतो, शेवटचा टप्पा पंपाच्या खाचेचा. बेल हाउसिंग इंजिनाला पूर्ण टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने सहज फिरला पाहिजे आणि तो अन् फ्लेक्सप्लेट यांच्यात काही मिलिमीटरची फट राहिली पाहिजे. फट नसेल आणि तरी बेल हाउसिंगचे बोल्ट आवळून इंजिन आणि गिअरबॉक्स ओढून घेतले, तर पहिल्याच स्टार्टला पंप फुटतो.