चित्रातलं जवस

ओट्यामागच्या टाईलवर आणि तेलाच्या बुधलीच्या तोंडाशी एक पिवळा, चिकट थर साचतो. दिवाळीच्या साफसफाईत तो पाण्याने हलत नाही, साबणाने जेमतेम सुटतो, शेवटी सुरीने खरवडावा लागतो. तैलचित्र शतकानुशतकं टिकतं, ते अशाच थराच्या जोरावर.

चित्रकार रंगाची पूड घोटतो ती जवसाच्या तेलात. आपण ज्याची चटणी करतो तेच हे जवस, विदर्भातल्या शेतांत निळ्या फुलांनी डोलणारं. जलरंग वाळतो तेव्हा त्यातलं पाणी उडून जातं. जवसाचं तेल असं उडत नाही, उलट हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं. काचेच्या पट्टीवर या तेलाचा पातळ हात फिरवून ती नाजूक काट्यावर ठेवली, तर पहिल्या काही दिवसांत वजन चक्क वाढतं.

तेलाचे रेणू ज्यांच्यापासून बनतात, त्या मेदाम्लांत इथे साधारण निम्मा वाटा लिनोलेनिक आम्लाचा असतो. त्याच्या लांब कार्बन-साखळीत तीन ठिकाणी दुहेरी बंध असतात. त्यांच्या शेजारी ऑक्सिजन शिरतो, एक रेणू दुसऱ्याला धरतो, दुसरा तिसऱ्याला, आणि पातळ तेलाचं घट्ट जाळं विणलं जातं. रंगाचे कण त्यात कायमचे अडकतात. खोबरेलात असे बंध जवळजवळ नसतात, म्हणून ते वर्षभर ठेवलं तरी त्याची साय धरत नाही. जाळं विणताना काही साखळ्या तुटतातही. त्या तुकड्यांचा वास म्हणजे नव्या तैलचित्राचा वास. जवसाची चटणी जुनी झाली की येणारा खवट वास त्याचाच भाऊबंद.

चित्रकारांनी हे रसायनशास्त्र हाताने ओळखलं होतं. खालचे थर टर्पेंटाइन घालून पातळ, वरचे तेलकट, हा त्यांचा जुना दंडक. तेलकट थर खूप दिवस फुगत-आक्रसत राहतो. त्याच्यावर कोरडा, कडक थर चढवला की तो तडकतो. चित्राची पहिली मांडणी अनेकदा अंबर या तपकिरी मातीने करतात. त्या मातीतलं मँगनीज ऑक्सिजनची क्रिया वेगाने घडवतं आणि थर लवकर धरतो. हाडांच्या कोळशाचा काळा रंग मात्र कितीतरी दिवस बोटाला लागत राहतो. पांढऱ्यासाठी पुष्कळदा करडईचं तेल घेतात. त्यात लिनोलेनिक आम्ल जवळपास नसल्याने पांढरा कमी पिवळा पडतो. पण थर हळू वाळतो आणि थोडा कमजोरही राहतो. या निवडीत मला चित्रकाराची खरी विद्या दिसते.

माझ्या ओळखीचे एक वयस्क चित्रकार काम थांबवलं की ब्रशाआधी चिंध्या उचलतात. एकेक उलगडून पाण्याच्या बादलीत बुडवतात. ऑक्सिजन घेताना तेल तापतं. पसरलेल्या फडक्यातून ती उष्णता निघून जाते, पण बोळा करून टाकलेल्या फडक्यात ती कोंडते, आणि काडी न लावता चिंधी पेटते. कारखान्यांत आणि सुतारांच्या शेडमध्ये अशा आगी खरोखर लागल्या आहेत. तैलरंग हातात घेणाऱ्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट पहिल्या दिवशी शिकवायला हवी.

अंधारात ठेवलेलं तैलचित्र पिवळं पडतं आणि उजेडात ते पिवळेपण बरंचसं उतरतं. 17व्या शतकात फ्लेमिश चित्रकार रूबेन्सने पत्रातून सांगितलं होतं, की पेटीत बंद राहून चित्र पिवळं पडलं तर त्याला ऊन दाखवा.

जाळं विणून झालं तरी थर स्वस्थ बसत नाही. डच चित्रकार रेम्ब्रांटने 1632 मध्ये डॉ. टुल्प यांचा शरीरशास्त्राचा पाठ रंगवला. ते चित्र हेग शहरातल्या माउरित्सहाउस संग्रहालयात आहे. 1990च्या दशकात त्याच्या डागडुजीच्या वेळी पृष्ठभागावर बारीक पुटकुळ्या आढळल्या, साधारण दशांश मिलिमीटरच्या. तपासल्यावर कळलं की तो साबण आहे. आपल्या साबणात तेलाशी कॉस्टिक सोडा जुळतो, इथे रंगातलं शिसं तेलातल्या मेदाम्लांशी जुळलं होतं. त्याचे गोळे वाढत वाढत वरचा रंग फोडून बाहेर आले होते.