छोट्या ट्रॅक्टरने बर्फ हटवणे

घराचा, गोठ्याचा किंवा शेतावरचा खासगी रस्ता हिवाळ्यात साधारण २० ते ५० अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरने मोकळा ठेवण्याचे काम. कॅनडातील ओंटारिओ आणि क्वेबेक, अमेरिकेतील न्यू यॉर्क, व्हर्मॉन्ट, मिनेसोटा अशा भागांत घरे मुख्य रस्त्यापासून बरीच आत असतात. सार्वजनिक रस्ता तिथले स्थानिक प्रशासन साफ करते; तिथून दारापर्यंतचा ज्याचा त्याने. रोहतांग किंवा झोजी ला इथे सीमा सडक संघटना बर्फ काढते ते काम वेगळ्या जातीचे, तिथे डोझर आणि मोठी यंत्रेच लागतात.

आकडा मांडला की काम किती आहे ते कळते. ६० मीटर लांब, ३.५ मीटर रुंद रस्ता आणि ३० सेंटिमीटर बर्फ, म्हणजे ६३ घनमीटर. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आत-बाहेर भरतो, म्हणजे सहा टनांच्या पुढे. तोच बसलेला, ओला बर्फ ३०० किलोपर्यंत जातो आणि माल एकोणीस टनांवर पोचतो. एवढा माल ढकलणे ट्रॅक्टरला जड नाही. तो ठेवायचा कुठे, हा खरा प्रश्न आहे आणि बाकीचे बहुतेक निर्णय त्याच्याच मागे येतात.

ट्रॅक्टर : नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर चालवणाऱ्याला हे यंत्र ओळखीचेच वाटेल. मागे तीच तीन सांध्यांची लिफ्ट, तोच मिनिटाला ५४० फेऱ्यांचा पीटीओ, म्हणजे अवजाराला इंजिनची शक्ती देणारा फिरता दांडा. मुंबईच्या महिंद्रची अमेरिकेतील कंपनी १९९४ पासून तिथे ट्रॅक्टर विकते, जपानी कुबोटा त्याही आधीपासून. फरक तीन गोष्टींत पडतो : पुढे बहुधा लोडर (बकेट उचलणारे दोन हात) असतो, चारही चाके ओढतात आणि गिअरऐवजी हायड्रोस्टॅटिक पेडल, म्हणजे नुसते दाबून तेलाच्या दाबावर पुढे-मागे नेणारे, पसंत केले जाते. बर्फकामात दर अर्ध्या मिनिटाला पुढे-मागे व्हावे लागते. दर वेळी क्लच दाबून गिअर बदलायचा तर तासाभरात पाय भरून येतो.

पकड : चाक फिरते आणि ट्रॅक्टर जागचा हलत नाही, हे इथले नेहमीचे दुखणे. कारण शक्तीचे नसते, वजनाचे आणि टायरचे असते. रुंद, आखूड गुट्ट्यांचे औद्योगिक टायर लोडरच्या कामाला चांगले, पण घट्ट दाबलेल्या बर्फावर ते घसरतात. बारीक नक्षीचे हिरवळीचे टायर तिथे उलट बरे चालतात. उतार असला की साखळी हवीच. शिडीसारख्या साखळीने पुढे-मागे पकड मिळते, पण आडव्या उतारावर ट्रॅक्टर बाजूला सरकतो. चौकटीच्या विणीची साखळी दोन्हीकडे धरते. साखळी चढवली की दहा-पंधरा मिनिटे चालवून पुन्हा ताणायची, नाहीतर सैल कडी मडगार्डवर आपटत राहते.

टायरात पाणी भरून वजन वाढवण्याची आपल्याकडची रीत इथे चालत नाही, पाणी गोठते. त्याऐवजी कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण, बिटाच्या रसापासून केलेला द्रव किंवा न गोठणारे काच धुण्याचे पाणी भरतात. पहिला पर्याय स्वस्त आणि जड, पण ट्यूब फुटली की रिम गंजून जाते. लोडर वापरायचा असेल तर मागच्या लिफ्टला ३०० ते ४०० किलोचे वजन किंवा एखादे अवजार टांगलेले असावे, नाहीतर भरलेली बकेट उचलताच मागची चाके हलकी होतात. उतारावरून येताना चारही चाकांची जोडणी चालू ठेवायची. ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. जोडणी असेल तरच पुढची चाकेही वेग धरून ठेवतात.

अवजारे : सगळ्यात स्वस्त म्हणजे मागच्या लिफ्टचे पाते. खडीच्या रस्त्यावर ते उलटे फिरवून, पोकळ बाजू मागे ठेवून ओढतात. मग धार खडीत न रुतता वरून घसरते. पुढचे तिरके होणारे पाते वेगवान असते. तिरके केले की ते झाकते ती रुंदी कमी होते, हे घेताना विसरले जाते : १.८ मीटरचे पाते ३० अंशांत फिरवले की सुमारे १.५५ मीटर उरते, आणि तेवढ्यात मागच्या चाकांची बाहेरची कड झाकली गेली पाहिजे. या पात्याला स्प्रिंग असतात. बर्फाखाली दगड लागला की पाते पुढे झुकते आणि पुन्हा उभे राहते. लोडरच्या बकेटला ही सोय नसते; जोरात ढकलताना काँक्रीटची उंच कड लागली तर धक्का थेट लोडरच्या हातांना बसतो आणि पिना वाकतात. म्हणून बकेटने ढकलायचे ते चालण्याच्या वेगाने, लोडरचे हात खाली ठेवून, लिव्हर तरंगत्या स्थितीत (बकेट जमिनीप्रमाणे आपोआप वर-खाली होते) आणि बकेट किंचित मागे कलती.

जागा संपली की स्नोब्लोअर. पाते बर्फ बाजूला सारते, हा तो दहा मीटर लांब फेकतो, म्हणून कडेला भिंत उभी राहत नाही. ठोकताळा असा की रुंदीच्या दर फुटाला पीटीओवर ५ अश्वशक्ती. पाच फुटी यंत्राला २५. मागे जोडलेला ब्लोअर उलटे जात चालवावा लागतो, आणि त्याची किंमत मान मोजते. ओला बर्फ फेकनळीत अडकतो. तो काढायचा तर इंजिन बंद करून, पाते पूर्ण थांबल्यावर, काठीने. हात कधीच घालायचा नाही. पात्यांच्या दांड्यावर मुद्दाम मऊ धातूचे शिअर बोल्ट असतात. गोठलेले वर्तमानपत्र किंवा सरपणाचा ओंडका आत गेला की तो बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. सारखा तुटतो म्हणून कडक बोल्ट घातला की पुढच्या वेळी गिअरबॉक्स जातो. खिशात चार जादा बोल्ट असावेत.

पद्धत : जमीन गोठण्याआधीच कड कळावी म्हणून रस्त्याच्या दोन्ही कडांना खुंट्या ठोकतात. पहिला बर्फ पडतो तेव्हा खाली माती मऊ असते, म्हणून पात्याचे बूट (जमिनीवर घसरणारे लोखंडी पाय) लावून धार दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवतात, किंवा पहिला थर चाकांखाली दाबून कडक होऊ देतात. १० ते १५ सेंटिमीटर साचले की निघायचे, अख्खे वादळ संपायची वाट पाहायची नाही. आधी मधोमध, मग दोन्ही कडांना. गॅरेजच्या दारापाशी पाते टेकवून बर्फ मागे ओढून घेतात.

डिसेंबरात बाजूला सारलेल्या बर्फाचा बांध रस्त्याच्या कडेपासून मीटरभर तरी लांब ढकलावा. आज आळस केला तर तो बांध गोठून दगड होतो, आणि जानेवारीत पुढचा बर्फ टाकायला जागा नसते. रस्ता दर वादळागणिक अरुंद होत जातो. ढीग वारा जातो त्या बाजूला रचायचा. वाऱ्याच्या तोंडाशी उंच बांध केला तर त्याच्या आडोशाला उडता बर्फ थांबतो, म्हणजे नेमका रस्त्यावर.

मुख्य रस्त्यावरचा बर्फ सारणारा सरकारी नांगर येऊन फाटकाशी ढेकळांचा बांध टाकून जातो, याची तक्रार घरोघरी असते. उपाय साधा आहे. तिकडे वाहतूक उजवीकडून चालते, म्हणून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले की नांगर डावीकडून येतो. फाटकाच्या डाव्या बाजूला काही मीटरची जागा आधीच खरवडून ठेवली तर पात्यावरचा माल तिथे रिकामा होतो. आपला बर्फ मात्र सार्वजनिक रस्त्यावर किंवा पलीकडे ढकलायचा नाही. ओंटारिओच्या महामार्ग वाहतूक कायद्याच्या कलम १८१ नुसार लेखी परवानगीशिवाय तो गुन्हा आहे.

थंडी : साध्या डिझेलमधले मेण थंडीत गोठते आणि आधी फिल्टर तुंबतो. ट्रॅक्टर सुरू होतो, पाच-दहा मिनिटे चालतो आणि मध्येच बंद पडतो, ही त्याची खूण. गोठणरोधक द्रव मेण गोठण्याआधी टाकीत जायला हवा. गोठल्यावर ओतून उपयोग नाही. इंजिनचा हीटर दोन-तीन तास आधी लावतात, आणि सुरू केल्यावर हायड्रोलिक तेल पातळ होईपर्यंत दहा मिनिटे इंजिन मंद चालू देतात. ते बंद गॅरेजमध्ये मात्र नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला की कडेच्या गवतात पसरलेली खडी दिसते. ती दंताळ्याने ओढून रस्त्यावर परत आणावी लागते.