बूट बिघडणं वेगळं, डेटा उडणं वेगळं

"विंडोज टाकताना मध्येच अडकली, आता लॅपटॉप सुरूच होत नाही, सगळा डेटा गेला." १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि लोक नवी विंडोज टाकू लागले, तेव्हापासून हे रडगाणं वरचेवर कानावर येतं. लॅपटॉप सुरू होत नाही हे खरं असतं. डेटा गेला हा मात्र अंदाज, आणि बऱ्याचदा चुकीचा. त्यावर कोणीतरी जाणकाराच्या थाटात "फॉरमॅट मारून टाक" म्हणतं, आणि तोवर सुखरूप असलेला डेटा तेव्हा कुठे खरोखर जातो.

डेटा जाणं म्हणजे काय, हे सांगायला नको: फायलींची जागा पुसली गेली किंवा तिच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं. घोळ होतो तो बूटबद्दल, म्हणजे बटण दाबल्यापासून विंडोज उभी राहीपर्यंत जे घडतं त्याबद्दल.

आपण रोज पाहतो तो सी ड्राइव्ह. पण यूईएफआय (मशीन सुरू करणारी नवी अंगभूत प्रणाली) असलेल्या, म्हणजे हल्लीच्या जवळपास सगळ्या मशीनवर त्याच्याशेजारी एक इवलंसं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा कप्पा असतो, बहुधा १०० एमबीचा. त्याला ईएफआय पार्टिशन म्हणतात. त्याला ड्राइव्हचं अक्षर नसतं, म्हणून 'धिस पीसी'मध्ये ते दिसत नाही. बटण दाबल्यावर मशीन आधी तिथे जातं, तिथला बूट मॅनेजर उचलतो आणि विंडोज कुठे आहे ते त्याच्याकडून समजून घेतं. इन्स्टॉल अर्धवट राहिलं की पुष्कळदा गडबड होते ती इथे. काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' येतं आणि आपलं धाबं दणाणतं. फॉरमॅट किंवा डिलीट दाबलं नसेल, तर सी ड्राइव्हवरचे लग्नाचे फोटो बहुधा जागच्या जागी असतात.

खात्री करणं सोपं आहे. विंडोजच्या सेटअप पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, पहिल्याच पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबा, उघडलेल्या काळ्या खिडकीत नोटपॅड टाइप करा. नोटपॅडच्या फाइल मेनूतून 'ओपन' घ्या, खाली 'ऑल फाइल्स' निवडा. फोल्डर दिसतील, तिथूनच बाहेरच्या डिस्कवर कॉपीही करता येतील. तुमचा सी इथे डी किंवा ई म्हणून दिसू शकतो, घाबरू नका. उबुंटूचा पेनड्राइव्ह असेल तर आणखी बरं. मी तोच वापरतो. इन्स्टॉल न करता 'ट्राय' निवडायचं, बस.

फायली आधी बाहेर काढायच्या, दुरुस्ती नंतर. हा क्रम उलटा करणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत. दुरुस्तीसाठी बीसीडीबूट ही कमांड आहे. ती बूटच्या फायली ईएफआय पार्टिशनमध्ये नव्याने लिहिते. पण सी वरची विंडोजच अर्धवट असेल तर तिचा उपयोग नाही, सरळ पुन्हा इन्स्टॉल करा. व्हिडिओवाले मात्र अजून बूटरेक या कमांडच्या 'फिक्सएमबीआर'चा जप करतात. ते बायोसच्या, म्हणजे यूईएफआयआधीच्या प्रणालीच्या जमान्यातलं औषध आहे, यूईएफआय मशीन त्याने लिहिलेल्या बूट कोडकडे ढुंकूनही पाहत नाही.

त्याहून डोक्यात जाणारा सल्ला म्हणजे डिस्कपार्ट या कमांडचं 'क्लीन'. "ही डिस्क जीपीटी आहे, इथे विंडोज टाकता येणार नाही" असं सेटअपने म्हटलं की लोक ते ठोकून देतात (जीपीटी म्हणजे डिस्कवर पार्टिशनं मांडण्याची नवी पद्धत). क्लीन अख्ख्या डिस्कची पार्टिशनं उडवतं, डी ड्राइव्हसकट. खरं तर पेनड्राइव्ह जुन्या लेगसी, म्हणजे बायोसच्या पद्धतीने बूट झालेला असतो, इतकंच. बूट मेनूत त्याच पेनड्राइव्हची 'यूईएफआय' लिहिलेली नोंद निवडली की काम होतं.

आता उलटी बाजू, जिच्याबद्दल कोणी ओरडत नाही. नवी विंडोज झोकात सुरू झाली, डेस्कटॉप कोरा करकरीत, सगळे खूश. धोका खरा इथे आहे. फॉरमॅट न करता जुन्यावरच टाकली असेल तर सी मध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर पाहा. जुन्या फायली त्यात सापडतात. पण आजच काढून घ्या, कारण अपग्रेडनंतर साधारण १० दिवसांनी विंडोज ते फोल्डर आपणहून साफ करते. फॉरमॅट झालं असेल आणि डिस्क जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर मशीन लगेच बंद करा. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकणं म्हणजे उरलेल्यावरही पाणी सोडणं. एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपची डिस्क असेल तर ट्रिममुळे आशा फारच थोडी, कारण पुसलेली जागा ट्रिम खरोखर रिकामी करून टाकतं.

सेटअपला डिस्कच दिसत नसेल तर ती मेली असं धरू नका. इंटेलच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर व्हीएमडीचा (इंटेलच्या डिस्क सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) ड्रायव्हर सेटअपला आधी द्यावा लागतो.

आणि डिस्क दिसते पण उघडत नाही, असं झालं तर कारण बहुधा बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप. ते उघडायला ४८ अंकी रिकव्हरी की लागते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं असेल तर ती बहुधा त्या खात्यातच साठवलेली असते, फोनवरून बघता येते. विंडोज टाकायला देण्याआधीच ती उतरवून ठेवा. दुकानदार ती विचारत नाही, थेट फॉरमॅट मारतो.