चादरीचं बिल साडेचार लाख कसं झालं?

आमच्या सोलापुरात पूर्व भागात राहणारी एक मुलगी दर रविवारी माझ्याकडे जावास्क्रिप्ट, म्हणजे वेब पेजकडून कामं करून घ्यायची भाषा, शिकायला येते. बी.कॉम.ला आहे, कॉम्प्युटरचा कुठला क्लास केलेला नाही, घरी चादरी-टॉवेलचा छोटा धंदा. तिला करायचं होतं एवढंच की एका पेजवर चादरीची किंमत टाकली, टॉवेलची टाकली, बटण दाबलं की खाली बेरीज यावी, गिऱ्हाईक फोनवर ताटकळत असताना कॅल्क्युलेटर शोधत बसायला नको. तिनं जवळपास सगळं बरोबर लिहिलं होतं. चादर ४५०, टॉवेल १२०, बटण दाबलं आणि खाली आलं ४५०१२०.

एक चादर, एक टॉवेल, साडेचार लाख रुपये.

ती लगेच पुसायला निघाली, "दादा, माझंच काहीतरी चुकलं." मी म्हटलं अगं थांब, काही पुसू नकोस, हा आकडा फार कामाचा आहे. कारण वेब पेजची स्क्रिप्ट, म्हणजे पेजनं काय करायचं ते सांगणाऱ्या ओळी, शिकताना जी पहिली खरी गोष्ट कळायला लागते ती याच आकड्यात बसलीय. पेजवर आपल्याला दिसतं एक आणि मशीनच्या आत असतं दुसरं. नवशिक्यांच्या निम्म्या चुका या दोन्हीला एकच समजल्यामुळं होतात, असं माझं इतक्या दिवसांचं मत झालंय.

आता झालं काय ते बघू. पेजवरच्या चौकटीत तुम्ही काहीही टाईप करा, नाव टाका, गाव टाका नाहीतर किंमत टाका, स्क्रिप्टच्या हातात ते येतं मजकूर म्हणूनच. याला स्ट्रिंग म्हणतात. चौकटीचा टाईप नंबर ठेवला तरी तिची व्हॅल्यू मागितली की येते स्ट्रिंगच, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. म्हणजे आपल्याला दिसतात चारशे पन्नास रुपये, पण आत आहेत चार, पाच आणि शून्य अशी तीन अक्षरं ओळीनं. आणि जावास्क्रिप्टमध्ये अधिकच्या चिन्हाला दोन कामं आहेत, दोन्ही बाजूला नंबर असतील तर बेरीज आणि एका जरी बाजूला मजकूर असला तरी चिकटवाचिकटवी. त्यानं ४५० ला १२० चिकटवलं. त्याच्या बाजूनं काम चोख झालं.

खरी गोंधळाची गोष्ट पुढं आली. आदल्या रविवारी तिनं दोन चादरींचा गुणाकार केला होता तो बरोबर ९०० आला होता, वजाबाकीसुद्धा बरोबर येत होती, मग बेरीजच का रुसली? तर गुणिले आणि वजा या चिन्हांना मजकुराशी काही कामच नसतं, त्यामुळं तिथं भाषा न सांगता स्वतःच मजकुराचा नंबर करून घेते. अधिकला मात्र दोन्ही कामं येतात म्हणून ते समोर काय आहे ते बघून ठरवतं. उपाय एका शब्दाचा, चौकटीतून किंमत घेतली की आधी ती नंबर या फंक्शनमधून (फंक्शन म्हणजे नाव दिलेलं एक ठरावीक काम) काढायची, मग बेरीज. झाले ५७०. आणि शंका आली की टाईपऑफ विचारायचं, म्हणजे हा नंबर आहे का स्ट्रिंग ते भाषा स्वतःच सांगते.

ही ढिलाई भाषेत आली कुठनं? १९९५ च्या मे महिन्यात ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. आधी नाव होतं मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि त्याच वर्षी डिसेंबरात जावास्क्रिप्ट झालं. जावा नावाची भाषा तेव्हा गाजत होती म्हणून नावात ती आली, बाकी दोन्ही भाषा वेगळ्या. प्रोग्रॅमर नसलेल्या लोकांनाही पेजवर छोटीमोठी कामं करता यावीत असा हेतू होता, म्हणून भाषा जरा समजूतदारपणा दाखवते, मजकुराचा नंबर करून घेते, अडून बसत नाही. १९९७ मध्ये तिचं एक्मास्क्रिप्ट या नावानं प्रमाण ठरलं, पण तोवर जगभर पेजेस लिहिली गेली होती आणि जुनी पेजेस मोडायची नाहीत हा नियम आजही पाळतात, त्यामुळं त्या सवयी काढून टाकता येत नाहीत. मला हे बरोबरच वाटतं. तुम्ही आज लिहिलेलं साधं पेज वीस वर्षांनी पण उघडेल, असा भरवसा कॉम्प्युटरच्या दुनियेत फार थोड्या गोष्टींचा देता येतो.

दिसतं एक आणि असतं दुसरं, हे तिला समजावायला मला लांब जावं लागलं नाही. सोलापुरी चादरीवरचा मोर घ्या. जुन्या जकार्ड मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या कार्डांची माळ फिरत असते. कार्डाला जिथं भोक आहे तिथं सुई आत शिरते आणि तिला जोडलेला उभा धागा वर उचलला जातो, भोक नसेल तर सुई मागं ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो, मग मधून आडवा धागा पळतो. एका कार्डाला आडव्या धाग्याची एक ओळ, पुढच्या कार्डाला पुढची. अख्खी माळ फिरून झाली की परत पहिलं कार्ड, परत तीच नक्षी, प्रोग्रॅमिंगमध्ये ज्याला लूप म्हणतात तो डोळ्यांसमोर फिरताना दिसतो. त्या कार्डांत मोर कुठंच नाही, नुसती भोकं आहेत. जोसेफ मारी जकार्ड यांनी फ्रान्सच्या लियाँ शहरात १८०४ च्या सुमारास ही युक्ती पक्की केली, पुढं इंग्लंडात चार्ल्स बॅबेज यांनी त्यांच्या गणिती यंत्रासाठी हीच कार्डांची कल्पना घेतली. म्हणजे ज्या घरात माग चाललाय त्या घरातल्या पोरांनी प्रोग्रॅमिंगला घाबरावं असं काही नाहीच, ते घरातलंच आहे.

मग पुढच्या रविवारी ती नवीन अडचण घेऊन आली. तिच्या वडिलांनी फोनवर मराठी कीबोर्ड ठेवलाय, त्यांनी चौकटीत ४५० मराठी आकड्यांत टाकले आणि खाली उत्तर आलं एनएएन, म्हणजे हा नंबरच नाही. (या लेखात वाचायला मी मराठी आकडे लिहितोय, पण कोड लिहिताना आकडे इंग्रजीच लागतात हे लक्षात ठेवा.) आपल्याला ४ हा चारच दिसतो, पण युनिकोड या जगभरातल्या अक्षरांच्या यादीत प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो आणि मराठी शून्याचा क्रमांक आहे २४०६, तिथनं ओळीनं नऊपर्यंत २४१५. इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८. जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन फक्त ते ४८ वाले आकडे ओळखतं. एकदा हे कळलं की तोडगा आपला आपल्याला सुचतो, एकेका अक्षराचा क्रमांक काढा, तो २४०६ ते २४१५ मध्ये असेल तर त्यातनं २४०६ वजा करा, उरतो तो खरा आकडा. हे तिनं स्वतः लिहिलं, सात-आठ ओळीत, आणि मला त्या दिवशी फार बरं वाटलं, कारण इंग्रजी व्हिडीओ बघून शिकणाऱ्याला हा प्रश्न कधी पडतच नाही आणि आपल्याकडं तो रोजचा आहे.

उलट्या दिशेचं काम तर अजून सोपं. टू-लोकेल-स्ट्रिंग म्हणून एक सोय आहे, तिला मराठी-भारत असा कोड दिला की उत्तर मराठी आकड्यांत येतं, आणि स्वल्पविरामसुद्धा आपल्या पद्धतीनं, लाख-कोटीच्या हिशोबानं पडतात.

आता थोडं विषय सोडून, पण मजा आहे म्हणून सांगतो. सोलापूर या शब्दात किती अक्षरं? आपण म्हणणार चार, सो-ला-पू-र. जावास्क्रिप्टला लेंग्थ विचारा, सात येतील. कारण आत काना, मात्रा, उकार सगळे वेगवेगळे ठेवलेले असतात, स वेगळा आणि त्याच्यावरचा ओकार वेगळा. हाच शब्द अक्षर-अक्षर सुटं करून उलटा फिरवायला सांगितला तर येतो रूपालोस! स चा ओकार ल ला जाऊन चिकटला, पू चा उकार र ला. इंग्रजी शब्द उलटा करायचा सराव प्रत्येक ठिकाणी देतात, तुम्ही तो मराठी शब्दावर करून बघा, दहा मिनिटांत स्ट्रिंग म्हणजे काय ते असं डोक्यात बसतं की परत विसरणार नाही. आणि व्हेरिएबलची, म्हणजे व्हॅल्यू ठेवायच्या डब्यांची, नावं मात्र मराठीत चालतात बरं का, लेट लिहून पुढं किंमत असं देवनागरीत नाव दिलं तरी भाषा कुरकुर करत नाही.

पैशाच्या बाबतीत अजून एक खड्डा आहे तो सांगायलाच पाहिजे. ०.१ अधिक ०.२ करा, उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. मशीन आतमध्ये सगळं शून्य आणि एकमध्ये ठेवतं आणि एक दशांश हा आकडा त्या पद्धतीत पूर्ण लिहिताच येत नाही, जसं आपल्याला एक तृतीयांश ०.३३३ करत संपवता येत नाही तसं. म्हणून हिशोब रुपयांत नाही तर पूर्ण पैशांत ठेवायचा, रुपये-पैसे दाखवायचे फक्त शेवटी.

बटणाचं काय ते राहिलं. स्क्रिप्टनं सतत बटणाकडं बघत बसायचं नसतं, ब्राउझरला आधीच सांगून ठेवायचं की या बटणावर क्लिक झाली की हे फंक्शन चालव. इथं नवीन माणूस हमखास काय करतो तर फंक्शनच्या नावापुढं कंस लावतो. कंस लावला की ते फंक्शन तिथल्या तिथं चालतं, क्लिकची वाटच बघत नाही. मी तिला म्हटलं, गाडी स्टेशनात आली की फोन कर म्हणून हमालाला नंबर लिहून देणं वेगळं आणि तो नंबर आत्ताच फिरवणं वेगळं. ब्राउझरला नुसता नंबर द्यायचा, म्हणजे नुसतं नाव, फिरवायचं काम त्याचं.

आणि बटण पेजवर दिसत असताना कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या खिडकीत, नल (काहीच सापडलं नाही) असा एरर आला तर बहुतेक वेळा स्क्रिप्ट पेजच्या वरच्या भागात लिहिलेली असते. ब्राउझर पेज वरनं खाली वाचत येतो, स्क्रिप्ट लागली की थांबून ती चालवतो, त्या क्षणी बटण अजून जन्मालाच आलेलं नसतं. स्क्रिप्टची वेगळी फाईल करून तिला डिफर शब्द लावा, नाहीतर स्क्रिप्ट सगळ्यात खाली ठेवा, संपलं.

याद्यांची मोजणी शून्यापासून होते हे पण याच जातीचं. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांनी स्थापन केलेली ६८ लिंगं आपल्या सगळ्यांना माहीत आहेत, संक्रांतीच्या यात्रेत त्यांना तैलाभिषेक होतो, ती यादी तिनं सरावाला घेतली आणि लूप १ ते ६८ फिरवला. पहिलं लिंग गायब आणि शेवटी अनडिफाइंड, म्हणजे तिथं काहीच नाही. यादीत पहिलं बसतं ० वर आणि अडुसष्टावं ६७ वर.

शिकायला सुरुवात करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की मोठमोठ्या फ्रेमवर्कच्या (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार साच्यांच्या) नावांमागं लगेच पळू नका, महागडा कोर्स पण नको. साधं नोटपॅड आणि ब्राउझर पुरतो, भाषा चालवणारं इंजिन ब्राउझरच्या पोटातच असतं, नेटसुद्धा लागत नाही. लॅपटॉपवर एफ-बारा दाबा, कन्सोल उघडा आणि विचारत सुटा. तिथं मजकूर अवतरण चिन्हांत दिसतो आणि नंबर तसाच, त्यामुळं आत काय आहे ते उघडं पडतं. लाल अक्षरातला एरर आला की पेज बंद करू नका, त्यात फाईलचं नाव आणि ओळीचा नंबर दिलेला असतो, शब्दन् शब्द वाचा.

परवा तिच्या वडिलांनी फोनवर मराठीत ४५० आणि १२० टाकले आणि खाली मराठीतच ५७० आलं. त्यांनी दोनदा दाबून खात्री केली. मग ती घरातली एक जुनी वही घेऊन आली, आजीच्या हातची, हिशोब सगळा तेलुगू आकड्यांत. "दादा, हे पण चालवता येतील?" तेलुगू शून्याचा युनिकोड क्रमांक आम्ही बसून शोधला, ३१७४. तिनं जुन्या फंक्शनमध्ये २४०६ च्या खाली एक नवी ओळ टाईप करायला घेतली.