बोरन्हाण : सुगडातलं पीक बाळाच्या डोक्यावर कसं आलं

गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंतच्या सोळा संस्कारांत अन्नप्राशन म्हणजे आपलं उष्टावण आहे, चौल म्हणजे जावळ आहे. संक्रांतीच्या दिवसांत लहान मुलाला घालतात ते बोरन्हाण मात्र त्यांत नाही. त्याला मंत्र नाही, होम नाही, भटजींना बोलावणं नाही. पाटावर बाळ, भोवती आळीतली पोरं, औक्षणाचं तबक आणि वाटीवाटीने डोक्यावरून सोडलेली बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे. खाली पडलेलं पोरांनी लुटायचं. म्हणून काही घरांत याला नुसतं ‘लूट’ किंवा ‘बोरलूट’ म्हणतात. हा घरातल्या बायकांनी चालवलेला लौकिक आचार आहे आणि त्याची मुळं पोथीत शोधण्यापेक्षा शेतात शोधलेली बरी.

पहिला पुरावा शेजारी मिळतो. आंध्र आणि तेलंगणात भोगीच्या संध्याकाळी लहान मुलांच्या डोक्यावरून ‘भोगी पळ्ळु’ सोडतात. त्यात बोरं मुख्य, जोडीला उसाचे तुकडे, फुलांच्या पाकळ्या आणि नाणी. कर्नाटकातही संक्रांतीला मुलांच्या डोक्यावर बोरं, ऊस आणि नाणी ओततात. तीन भाषा, तीन नावं, पण फळ एकच. ते फळ म्हणजे दख्खनच्या कोरडवाहू माळावर, बांधावर, पाणी न घालता येणारं बोर. पौषात बाकी झाडं रिकामी असताना बोरीखाली सडा पडतो, मुलं ती झाडं झोडपतात आणि खिसे भरून घरी येतात. बोरन्हाणात हाच सडा घरात आणलेला आहे, असं आमचं मत. अजून रांगणाऱ्या, झाडाखाली जाऊ न शकणाऱ्या मुलासाठी झाडच माजघरात आणायचं. करी नावाच्या राक्षसाची कृष्णावर दृष्ट पडली आणि ती उतरवायला पहिलं बोरन्हाण झालं, अशी गोष्ट हल्ली सांगतात. गोष्ट म्हणून ती मुलांना आवडते, जरूर सांगावी. पण तेवढ्यावर विधीचं वय ठरवू नये.

दुसरा पुरावा घरातच, देवापुढे असतो. संक्रांतीला मातीची सुगडं पुजतात. ‘सुगड’ म्हणजे सुघट, चांगला घट. त्यात काय भरतात ते पाहा : बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गाजर, पावट्याच्या शेंगा, गव्हाच्या ओंब्या, तीळ. बोरन्हाणाची यादी जवळजवळ तीच. त्या पंधरवड्यात रानात जे हाताशी येतं ते बायका सुगडात भरून एकमेकींना वाण देतात, आणि तेच मुलाच्या डोक्यावरून सोडून दुसऱ्यांच्या मुलांना देतात. दोन्हीकडे ‘लुटणं’ हाच शब्द आहे. संक्रांतीची हळदीकुंकवं रथसप्तमीपर्यंत चालतात, तशी बोरन्हाणालाही तोवरची मुदत असते. कुणी संक्रांतीलाच करतात, कुणी दुसऱ्या दिवशी किंक्रांतीला, बरेच जण मधल्या रविवारी. पहिल्या संक्रांतीला जमलं नाही तर पाचव्या वर्षापर्यंत कधीही चालतं.

तारखेबद्दल थोडं. सूर्याचा मकर राशीतला प्रवेश आणि खरं उत्तरायण सुमारे सतराशे वर्षांपूर्वी एकाच वेळी होत असे. आता उत्तरायण २१-२२ डिसेंबरला होतं आणि संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला, कारण संक्रांत दर ७२ वर्षांनी साधारण एक दिवस पुढे सरकते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची म्हणून ती संक्रांतीच्याच दिवशी झाली असं अनेक जण धरून चालतात. पण आजच्या गणिताने त्या वर्षी संक्रमण १० जानेवारीच्या आसपास होतं. सण असा सरकत असला तरी एवढ्या सरकण्याने बोराचा आणि हरभऱ्याचा हंगाम अजून सुटलेला नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण मुलांना जेवायला बसवताना उपयोगी पडत आली आहे. वांगी, पावटे, सोलाणे, गाजर, घेवडा, ओले शेंगदाणे यांची तिळाचा कूट लावलेली मिसळीची भाजी, तीळ थापलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि मुगाची खिचडी. उष्टावण झालेल्या मुलाला या पंगतीत खरी जागा खिचडीची. १ वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, ५ ते ६ वाट्या पाणी, चिमूटभर हळद. कुकरच्या शिट्ट्या नेहमीपेक्षा दोन जास्त घ्याव्या आणि वरून घरचं तूप. एक वर्षाच्या आतल्या मुलाला मीठ नको, म्हणून त्याची वाटी आधी काढून मग बाकीच्या खिचडीत मीठ घालावं. भोगीच्या भाजीतलं गाजर आणि वांगं बोटांनी कुस्करून देता येतं. सोलाणे आणि शेंगदाणे मात्र वेचून काढायचे. तीळ मुलाने कधी खाल्ले नसतील तर सणाच्या दिवशी पहिल्यांदा देऊ नयेत. काही मुलांना तिळाची आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असते. आठवडाभर आधी दिवसाउजेडी पाव चमचा बारीक कूट भातात कालवून द्यावा आणि पुरळ, उलटी, ओठांना सूज यांकडे लक्ष ठेवावं.

तीळ या सणातला फार जुना घटक. हडप्पाच्या उत्खननात तिळाचे जळके दाणे सापडले आहेत. आपला ‘तेल’ हा शब्दही ‘तैल’ म्हणजे ‘तिळाचं ते’ यावरून आला. तिळगुळातले शेंगदाणे मात्र नवे : भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीज आल्यानंतरच्या काळात इथे रुजलेला. तरी आज शेंगदाण्याच्या कुटाशिवाय लाडू कुणाला पुरा वाटत नाही. परंपरा अशीच वाढते, आणि त्यात वाईट काही नाही.

नेहमीच्या लाडवाला पाव किलो तीळ, पाव किलो चिकीचा गूळ, अर्धी वाटी शेंगदाण्याचा कूट, पाव वाटी डाळं, पाव वाटी भाजलेलं सुकं खोबरं आणि एक चमचा तूप लागतं. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून ताटलीवर आपटला की ‘टण्’ वाजला पाहिजे. त्या आधी उतरवला तर लाडू चिकट होऊन दातांना ओढतो, उशीर झाला तर वळेपर्यंत मिश्रण दगड होतं. हा कडक लाडू पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात देऊ नये. लहानांसाठी पाक करूच नये. १ वाटी भाजलेल्या तिळांचा कूट आणि पाऊण वाटी साधा मऊ गूळ खलबत्त्यात एकत्र कुटावा. तिळाला तेल सुटतं आणि बोराएवढे मऊ लाडू वळतात. तीळ मंद आचेवर नुसते फुगेपर्यंत भाजायचे, लाल झाले की कूट कडू लागतो.

गूळपोळीत पोळायची भीती असते. दोन वाट्या किसलेला गूळ, अर्धी वाटी तिळाचा कूट, पाव वाटी भाजलेली खसखस आणि पाव वाटी तेलावर खमंग भाजलेलं बेसन एकत्र मळून गोळा करायचा. गुळात एक खडा राहिला तरी पोळी तिथे फुटते, गूळ तव्यावर जळतो आणि पुढच्या पोळ्या काळ्या होतात. वरची कणीक गुळापेक्षा सैल झाली तर गूळ कडेला पोचत नाही आणि काठ कोरडे राहतात. तव्यावरून उतरलेल्या पोळीत गूळ वितळलेला असतो. वरून ती निवलेली वाटते आणि मुलाची जीभ भाजते. मोठ्यांनाही ती गार, खुसखुशीत, तुपाबरोबरच आवडते. मुलांना तर पूर्ण गार झाल्यावरच द्यावी.

आता हलवा, म्हणजे काटेरी पांढरे दाणे आणि त्यांचे दागिने. नव्या सुनेसाठी आणि बाळासाठी हार, बाजूबंद, कंबरपट्टा. मुलगा असेल तर मुकुट आणि बासरी. काळ्या कापडावर ते उठून दिसतात. एरवी शुभकार्यात टाळला जाणारा काळा रंग याच सणाला चालतो, कारण थंडीत तो ऊब धरतो. हलव्याला पांढरी साखर लागते, गुळाने तो होत नाही. म्हणून सुगडापेक्षा आणि बोरापेक्षा हा थर अलीकडचा मानायला हवा. सहकारी चळवळीतल्या प्रवरानगरच्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. त्यानंतर राज्यभर कारखाने उभे राहत गेले, तरी साखर रेशनवर बराच काळ मोजून मिळत होती. आज दागिने दादरला, गिरगावात, पुण्याच्या तुळशीबागेत तयार मिळतात आणि घरी हलवा करणाऱ्या बायका कमी झाल्या आहेत. याची खंत वाटते, कारण हे काम एकदा हात सुटला की पुन्हा जमायला दोन-तीन हिवाळे जातात.

पाव वाटी तीळ किंवा खसखस, २ वाट्या साखर, १ वाटी पाणी. साखर उकळली की चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढायची. पाक एकतारीच्या अलीकडे थांबवायचा. जाड बुडाच्या कढईत तीळ, खाली अगदी मंद आच. एक चमचा पाक सोडायचा, बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचे, पूर्ण कोरडे झाल्याशिवाय दुसरा चमचा नाही. रोज दोन-तीन तास, असे तीन-चार दिवस. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटून ढेकळं होतात, जाड झाला तर साखरेचा भुगा पडतो, आच वाढली तर हलवा पिवळा येतो. दमट हवेत काटा धरत नाही. समुद्राकाठच्या घरात हलवा रुसतो आणि देशावरच्या कोरड्या थंडीत सहज फुलतो, तो यामुळेच. एकदा फुललेला काटाही दमट हवेत पुन्हा विरतो, म्हणून हलवा गार झाला की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात जातो.

गेल्या तीसेक वर्षांत बोरन्हाणाची यादी बदलली. घाटे आणि ओंब्या शहरात मिळेनाशा झाल्या; त्यांच्या जागी गोळ्या, चॉकलेटं, बिस्किटांचे पुडे आले. परदेशातली मराठी घरं जानेवारीच्या बर्फात दिवाणखान्यात बोरन्हाण करतात आणि बोरं नसल्याने मार्शमेलो, पॉपकॉर्न वापरतात. इथे स्पष्ट बोलायला हवं : कडक गोळ्या, अख्खे शेंगदाणे, पॉपकॉर्न, मार्शमेलो, द्राक्षं आणि कच्च्या गाजराचे तुकडे पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात. आठळीसकट बोरही तसंच. जुन्या यादीतही हा धोका होता, पण तेव्हा लूट करणारी पोरं मोठी असत. आज लुटायला येणारी मुलंही अनेकदा दोन-तीन वर्षांची असतात.

त्यामुळे प्रमाण असं ठेवावं : दहा-बारा मुलांसाठी अर्धा किलो चुरमुरे, अर्धा किलो बोरं, सोललेल्या उसाचे वीतभर लांब करवे १५-२० (इंचभर तुकडे नकोत, लांब करवा लहान मूल नुसता चोखतं), आणि दोन मुठी हलवा फक्त औक्षणाच्या तबकात. मोठी ॲपल बोरं मिळाली तर आठळी काढून पातळ फोडी कराव्यात आणि लुटीनंतर वाटीत द्याव्यात. गावठी बोरं किंवा जळगावची मेहरूण बोरं चवीला कितीतरी सरस, पण ती पाच वर्षांवरच्यांसाठी. खाऊऐवजी छोटे चेंडू, खडूच्या पेट्या ठेवल्या तरी लुटीची मजा तीच राहते.

बाळाची झोप आणि दूध झाल्यावर, साधारण चार-साडेचारला सुरुवात करावी. भुकेलं मूल पहिल्याच वाटीला रडतं. जुनी चादर किंवा नऊवारी अंथरून मधे पाट ठेवायचा. सहा-सात महिन्यांचं बाळ नीट बसत नसेल तर आई किंवा आजी मांडीवर घेते. दीड वर्षापर्यंत टाळू पूर्ण भरलेली नसते, म्हणून बोरं डोक्यावर न टाकता खांद्यावरून सोडायची आणि डोक्यावर फक्त चुरमुरे. वाटी कपाळाच्या वर चार बोटंच धरायची. मुलांना आधीच गोलात बसवून ‘शेवटची वाटी झाल्यावरच उठायचं’ हे ठरवावं, नाहीतर पहिल्या मुठीला सगळी एकदम धावतात आणि डोकी आपटतात. दागिने औक्षणापुरते घालून लगेच उतरवावे : दाणे दोऱ्यात ओवलेले असतात, आत टाचण्या आणि तार असते, आणि बाळ सगळ्यात आधी कंठी तोंडात घालतं.

रात्री चादर झटकण्याआधी चारही कोपरे धरून उचलावी आणि चाळणीवर रिकामी करावी. बोरं धुऊन घेता येतात. वरचे स्वच्छ चुरमुरे परतून दुसऱ्या दिवशी चिवडा होतो, खाली उरलेला साखरेचा चुरा तेव्हाच पुसला नाही तर सकाळपर्यंत पाटाखाली मुंग्यांची रांग लागलेली असते.